सरांची कवळी

बाजारातल्या त्या बोळात त्याला सगळे बत्तीशी म्हणत. मागे नाही, चक्क तोंडावर. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. कवळ्या बनवणाऱ्याला बत्तीशी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? वर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, खाली याची अरुंद खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर मेणाच्या पट्ट्या आणि स्पिरिटचा दिवा, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. नवा माणूस आत आला की दचकायचाच. "घाबरू नका, चावत नाहीत," असं बत्तीशी म्हणायचा. हा एकच विनोद त्यानं वीस वर्षं चालवला होता आणि तरी माणसं हसायची, हे त्याचं नशीब.

आणि अशा माणसाचा बाप बोळका! दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे चणेही होते, दात बनवणारा पोटचा पोरगा घरात होता, आणि म्हातारा टोस्ट चहात बुडवून चोखत बसायचा. म्हातारा म्हणजे सर. शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी अर्धा बाजार त्यांना बघून अजून पाठ ताठ करतो. सरांच्या मैदानावर एकच कायदा होता, 'दुखतंय म्हणाला तो बाहेर.' गुडघा फुटलेली पोरंसुद्धा लंगडत धावायची. घरातही तोच कायदा. बायको गेली तेव्हा सर रडले नाहीत, ताप आला तर गोळी घेतली नाही, आणि दात एकेक करून पडले तेव्हा "काही अडत नाही," म्हणाले.

अडलं ते शिट्टीशी. रोज सकाळी बागेत सर आपल्या वयाच्या मंडळींकडून हात-पाय हलवून घ्यायचे. शिट्टी दातात धरायची जुनी सवय. हिरड्यांत ती टिकेना, आणि फुंकली की नुसती फुस्स करून हवा जायची. म्हातारे हसले. त्याच दुपारी सर बोळातल्या त्या खोलीत येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. "घे माप," म्हणाले.

बत्तीशीनं माप घेतलं. बापाच्या गालाला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. मारही शिस्तीत, छडीनं मिळायचा. आता तो तीच हनुवटी दोन बोटांत धरून "थोडं उघडा, बास, आता गिळा," असं सांगत होता आणि सर निमूटपणे ऐकत होते. त्या कवळीवर त्यानं जीव ओतला. दुसऱ्यांना चार दिवसांत देतो, हिला महिना लावला. जुने फोटो काढून पुढच्या दातांची ठेवण बघितली. तोंडात बसवली तेव्हा सरांचा चेहरा दहा वर्षांनी मागे गेला, आणि बत्तीशीची मोठी बहीण, ताई, कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "अरे, हे तर आपले बाबा!" असं म्हणून तिनं पदराला डोळे पुसले. मग लगेच त्याला म्हणाली, "एवढं चांगलं येतं तर आधी काय झोपला होतास?"

ताई अशीच. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, संसार स्वतःचा सांभाळायची आणि राज्य इथे करायची. बत्तीशीचं लग्न काही जमलं नाही, त्यामुळे घरात बाप-लेक दोघंच. ताई डबा घेऊन यायची, दोघांना झापायची आणि निघून जायची.

सर कवळीची जाहिरात करत हिंडायचे. "मुलानं केलीय," असं म्हणून दोन्ही जबडे टकटक वाजवून दाखवायचे. बागेतल्या चौघांनी त्यांच्यामुळे कवळ्या करून घेतल्या. आयुष्यभर 'पाठ ताठ कर, मान सरळ ठेव' याखेरीज बापाकडून काही न ऐकलेला माणूस तो. पन्नाशीला टेकला होता, पण कुणी "सर फार कौतुक करतात हो तुमचं," म्हणालं की त्याचे कान लाल व्हायचे.

असं वर्षभर चाललं. आणि मग सरांनी जेवताना मध्येच थांबायला सुरुवात केली.

दोन-चार घास चावायचे, घास गालात ठेवून गप्प बसायचे, भिंतीकडे बघायचे, मग परत चावायचे. बत्तीशीनं दोन दिवस बघितलं. धंद्यातला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

"बाबा, टोचतेय का?"

"छे! एकदम ठणठणीत."

"मग थांबता का?"

"थोडा जबडा भरून येतो. काही नाही, वय झालं."

जबडा भरून येतो म्हणजे कवळी उंच झाली असणार, हे कवळीवाल्याला कुणी शिकवायला नको. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. चाव तपासायला एक निळा कागद असतो, पतंगाच्या कागदाहून पातळ. तो दातांत धरून चावायचं. जिथे दात उंच, तिथे गडद ठिपका उठतो आणि तिथेच घासायचं. सरांनी चावलं. त्यानं कवळी काढून उजेडात धरली. ठिपके सगळीकडे सारखे उठले होते. डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढेच. म्हणजे कवळी बरोबर होती. कागद साफ सांगत होता, पण बापाचा जबडा दुखत होता ना! मग त्यानं कागदाचं ऐकलं नाही. दोन्हीकडच्या दाढा थोड्या घासल्या, कडा गुळगुळीत केली, परत बसवली.

"आता?"

"झकास!" सर म्हणाले.

आठ दिवसांनी परत तेच. परत निळा कागद, परत सारखे ठिपके, परत घासणं, परत झकास. तिसऱ्या खेपेला कड इतकी घासली गेली की कवळी सरकून हिरडीला बारीकशी जखम झाली. बत्तीशीला रात्री झोप लागेना. शंभर लोकांच्या तोंडात नीट बसतात, आणि बापाच्याच तोंडात नेमकी बसू नये? त्याला धंद्याची लाज वाटायला लागली. सरांना मात्र लाज वाटत होती ती दुखण्याची. पोरगा एवढं करतोय आणि आपलं तोंडच नाठाळ, असं त्यांना वाटायचं. म्हणून ते झकास म्हणायचे. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि असं जपणं किती महागात पडतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणखीही काही काही होत होतं. सरांनी भांग पाडणं सोडलं. ज्यांचा भांग पट्टीनं आखल्यासारखा असायचा ते विस्कटलेल्या केसांनी बसलेले. ताई म्हणाली, "काय बाबा, फॅशन का?" सर हसले. कंगवा लागला की डोक्याची कातडी ठणकते, उशीवर कानशील टेकवत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मैदानाबाहेर जावं लागलं असतं ना! वजन उतरलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली. तेव्हा ताईनंच दोघांना घरच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

घरचे डॉक्टर जुने, सावकाश बोलणारे. त्यांनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला तेव्हा एका आकड्याखाली रेघ मारून म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण हा ईएसआर फार वाढलाय. वीसच्या आसपास हवा, हा अठ्ठ्याण्णव आहे."

"म्हणजे काय हो?" बत्तीशीनं विचारलं.

"रक्त एका उभ्या नळीत तासभर ठेवतात आणि लाल भाग किती खाली बसला ते बघतात. अंगात कुठे सूज असली की तो भराभर खाली बसतो. हा आकडा म्हणजे धूर समजा. घरात काहीतरी जळतंय एवढं सांगतो. कुठल्या खोलीत, ते नाही सांगत."

बत्तीशीला खोली माहीत होती. तो खाली मान घालून म्हणाला, "तोंडात जखम झालीय त्यांच्या. कवळीनं."

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली. जखम होतीच. "मग असेल त्याचंच," असं म्हणून त्यांनी गोळ्या आणि गुळण्यांचं औषध दिलं, आणि काही दिवसांनी रक्त परत बघू म्हणाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण त्या खोलीत बसलेल्या तिघांपैकी कुणालाच ते कळायचा मार्ग नव्हता. एक जण दुखणं लपवत होता, एक जण भलतंच कारण छातीठोकपणे सांगत होता, आणि तिसऱ्यानं त्या दोघांवर विश्वास ठेवला.

मग एका सकाळी सर चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतू लागले. टेबलावर चहाचं तळं झालं तरी त्यांना पत्ता नाही.

"बाबा, अहो कप इकडे!"

"चष्म्याला काहीतरी लागलंय," सर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. पुसला, घातला, परत पुसला. बत्तीशीनं त्यांचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, "आता मी दिसतो का?"

सर म्हणाले, "तू आहेस हे माहीत आहे मला."

तो त्यांना घेऊन तसाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळाला. डॉक्टरांनी थेंब घातले, बराच वेळ दिव्यानं आत बघितलं. त्यांची बोलण्याची पद्धत सरळ होती, गोड गोड नाही. डाव्या डोळ्यामागच्या नसेला रक्त पोचलं नाही, नस पांढरी पडलीय, हा डोळा परत येईल असं मला वाटत नाही, असं ते म्हणाले. सर ताठ बसले होते.

"आता माझ्या प्रश्नांची नीट उत्तरं द्या," डॉक्टर सरांना म्हणाले. "हे कशामुळे झालं ते मला शोधायचंय, कारण दुसरा डोळा अजून शाबूत आहे. डोकं दुखतं?"

"नाही."

त्यांनी कानशिलावर बोट दाबलं. "इथे दुखतं?"

"नाही." सरांनी गुडघ्यावरची मूठ घट्ट आवळली होती. बत्तीशीनं ती बघितली. त्याला वाटलं, बाबा तपासणीला घाबरले.

"जेवताना जबडा दुखतो? चावता चावता थांबावं लागतं?"

सरांनी मान वळवली. एका डोळ्यानं मुलाला शोधलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "छे! कवळी माझ्या मुलानं केलीय, डॉक्टर. हा उभा आहे तो. अशी कवळी तुम्हाला कुठे मिळणार नाही!" आणि जबडे टकटक वाजवून दाखवले.

डॉक्टर हसले. आणि बत्तीशीला, देवा, त्याही घटकेला बरं वाटलं! बापाचा एक डोळा गेलेला, समोर एवढा मोठा डॉक्टर, आणि याच्या छातीत मात्र शाबासकीची ऊब. 'खोटं बोलतायत, दुखतो जबडा, मी तीनदा घासली,' असं म्हणायला त्याचे ओठ हललेसुद्धा नाहीत. जबड्याचा आणि डोळ्याचा काय संबंध, असंही वाटलं असेल. पण आधी वाटलं ते बरंच वाटलं.

"याआधी रक्त तपासलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ईएसआर वाढला होता," बत्तीशी म्हणाला. "पण तो तोंडातल्या जखमेमुळे. घरच्या डॉक्टरांनी बघितलंय."

"असू दे. तरी आजच परत रक्त द्या. ईएसआर आणि सीआरपी, दोन्ही सुजेच्या तपासण्या आहेत. आणि नीट ऐका, आकडे मोठे आले तर माझी वेळ घेऊन वाट बघत बसायचं नाही. उद्या सुट्टी आहे, तरी घरी फोन करायचा. मग मी त्याच क्षणी औषध सुरू करणार. दुसरा डोळा त्यावर अवलंबून आहे."

याहून स्पष्ट कुणी काय सांगणार?

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला. ईएसआर एकशे चार. सीआरपीही कितीतरी पट. सर खिडकीशी बसले होते. बत्तीशीनं फोन लावायला घेतला होता, हे खरं आहे. डॉक्टरांचा नंबरही काढला होता.

"काय आलं?" सरांनी विचारलं.

"तेच. वाढलेला."

"तोंडातली जखम."

"हो. पण ते फोन करा म्हणाले होते."

"डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात. आपल्याला कारण माहीत आहे ना?" सर म्हणाले. मग जरा थांबून, नेहमीपेक्षा हळू बोलले, "तू फोन करशील, ते विचारतील जखम कशानं. उगाच तुझ्या कवळीचा पंचनामा. एवढ्या मोठ्या माणसासमोर मी सांगितलंय, अशी कवळी मिळणार नाही म्हणून. सुट्टी संपली की जाऊच."

हे बोलणं बत्तीशीला हवं होतं, हीच तर गोम. त्याला तो फोन करायचा नव्हता. 'माझ्याच कवळीनं माझ्या बापाचं तोंड सोललं' हे पुन्हा एका डॉक्टरला सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानं फोन टेबलावर उपडा ठेवला आणि मऊ भात करायला उठला.

सुट्टीचा दिवस नीट गेला. सर थोडे जेवले, उजव्या डोळ्यानं वर्तमानपत्रातले मथळे मोठ्यानं वाचून दाखवले. ताई येऊन रडून गेली, आणि जाता जाता दोघांवर ओरडूनही गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीशी दाढी करत होता. खिडक्या सताड उघड्या, उन्हं थेट पलंगावर आलेली. सरांनी आतून हाक मारली.

"अरे, दिवे गेलेत का?"

वस्तरा हातातच राहिला. सरांनी परत विचारलं, या वेळी आवाज जरा बारीक. मग त्यांना स्वतःलाच कळलं असावं, कारण बत्तीशी आत गेला तेव्हा ते पलंगावर ताठ बसले होते आणि चेहऱ्यावर पडलेलं ऊन हातानं चाचपत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, त्यावरची तारीख बघितली. सरांच्या हाताला सलाईन लावून त्यातून औषध सोडलं. मग बत्तीशीला आणि ताईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"मला खरं सांगा. जबडा दुखत होता का त्यांचा?"

"हो," बत्तीशी म्हणाला.

"किती दिवस?"

"दोनेक महिने. मी कवळी घासत होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "कवळीत काही दोष नसणार हो," ते म्हणाले. "या आजारात डोक्याच्या रक्तवाहिन्या आतून सुजतात. चावायच्या स्नायूला रक्त कमी पडतं, म्हणून चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं. तीच सूज डोळ्याच्या वाहिनीत गेली की डोळा जातो. एकशे चार हा आकडा आणि तो जबडा, दोन्ही एकत्र माझ्यासमोर आले असते तर मी त्याच संध्याकाळी औषध सुरू केलं असतं. फोन करा म्हणालो होतो ना?"

ताईनं भावाकडे बघितलं. "तू फोन का नाही केलास?" तिनं विचारलं. मग भिंतीशी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

उजव्या डोळ्यात काही परत येतं का, याची तीन दिवस वाट बघितली. डॉक्टर बोटं धरायचे, दिवा फिरवायचे. पहिल्या दिवशी सर "दोन" म्हणाले. बोटं चार होती. मग त्यांनी अंदाज बांधणंही सोडलं. काही परत आलं नाही.

औषधाचा गुण मात्र रक्तात दिसायला लागला. आकडे उतरत गेले. शेवटचा रिपोर्ट आला तेव्हा प्रयोगशाळेतला माणूस आनंदानं म्हणाला, "एकदम नॉर्मल!" ताई त्याच्यावर फिसकारली. "काय करू या नॉर्मलचं? फ्रेम करून लावू? आणि लावली तर बघणार कोण?"

सरांना घरी आणलं. दाराची चौकट, पलंगाची कड, माठ, सगळं हातानं मोजून घेतलं त्यांनी. कवायतीचा माणूस, पावलं मोजण्यात पटाईत. दुसऱ्यांना वाटलं, किती धीराचे आहेत. बत्तीशी शेजारच्या खोलीत झोपायचा. रात्री त्याला भिंतीपलीकडून हुंदके ऐकू यायचे.

त्यानं ठरवलं होतं, बाबांना सगळं सांगायचं. मी फोन केला नाही. मला लाज वाटली म्हणून केला नाही. कवळी पहिल्या दिवसापासून बरोबर होती, निळा कागद ओरडून सांगत होता, दोष तिच्यात नव्हता, माझ्यात होता. त्यांनी छडी घ्यावी, हाकलून द्यावं, काहीही करावं. ताईला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सांग. तुला हलकं वाटेल." आणि डबा उचलून निघून गेली.

दुपारी तो बापाजवळ जाऊन बसला. सर सफरचंदाच्या फोडी खात होते. एक फोड, दुसरी, तिसरी. मध्ये थांबणं नाही, गालात घास धरणं नाही, भिंतीकडे बघणं नाही. कराकरा आवाज येत होता. किती दिवसांनी ते असे खात होते!

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय," तो म्हणाला.

"आधी माझं ऐक," सर म्हणाले. चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळवलेला, पण थोडा चुकून, त्याच्या खांद्याकडे. "दवाखान्यात होतो तेव्हा परत घासलीस का कवळी?"

"का?"

"अरे, जबडा अजिबात दुखत नाही! जरा हलते, पण दुखणं नावाला नाही. आता सांगायला हरकत नाही, तेव्हा फार दुखायचा. जीव जायचा चावताना. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हासुद्धा तोंडावर आलं होतं. गिळलं." ते हसले. "घासलीस ना परत?"

बत्तीशीनं कवळीला हात लावला नव्हता. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. नाही म्हणालं की झालं. मग दुखणं कशाचं होतं हे सरांना कळायला कितीसा वेळ लागणार होता? डॉक्टर तो प्रश्न का विचारत होते हेही कळलं असतं, आणि आपण मान वळवून काय उत्तर दिलं हेही आठवलं असतं. फोनची गोष्ट सांगितली असती तर तो फोन करू नको असं कोण म्हणालं, तेही. त्याला जे हलकं वाटणार होतं ते सगळं या म्हाताऱ्याच्या छातीवर जाऊन बसलं असतं, आणि अंधारात बसून राहण्याखेरीज त्यांना आता दुसरं काम नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "घासली. माझ्याच मापात चूक होती, बाबा. सुरुवातीपासून. आत्ता सापडली."

"बघ! मला वाटलंच." सरांनी फोड चावली. हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थापटलं. "होतं असं. माणूस आहे, चुकणारच. पण बरं झालं बाबा, डॉक्टरांसमोर मी तोंड उघडलं नाही. चारचौघांत तुझी नाचक्की झाली असती."

"हो बाबा," बत्तीशी म्हणाला. "बरं झालं."